वेल्लोरच्या डॉक्टर इडा

तामिळनाडू राज्यात वेल्लोर नावाचे शहर आहे. तेथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे रुग्णालय साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. दूरदूरच्या राज्यांतून लोक तेथे उपचारासाठी जातात. हे एवढे मोठे रुग्णालय एका खाटेपासून सुरू झाले, असे सांगितले तर कोणाला खरे वाटणार नाही. ती खाट मांडणाऱ्या बाईंचे नाव डॉ. इडा स्कडर.

इडा यांचा जन्म ९ डिसेंबर १८७० रोजी राणीपेट येथे झाला. त्यांचे घराणे अमेरिकन होते. आजोबा डॉक्टर आणि वडीलही डॉक्टर. दोघांनीही ख्रिस्ती धर्मप्रचाराबरोबर लोकांना औषधपाणी करण्याचे काम केले. इडा लहान असताना दक्षिण भारतात मोठा दुष्काळ पडला. उपाशी मुले त्यांनी डोळ्यांनी पाहिली. पुढे शिक्षणासाठी त्या अमेरिकेत गेल्या. वडिलांसारखे कष्टाचे जीवन आपल्याला नको, आपण डॉक्टर व्हायचे नाही, असे त्यांनी मनाशी ठरवले होते.

१८९० साली आई आजारी पडली. तिच्या मदतीसाठी इडा तिंडिवनम या गावी आल्या. तेथे एका रात्री जे घडले, त्याने त्यांचे आयुष्य बदलले.

त्या रात्री एक ब्राह्मण तरुण दारात आला. त्याची पत्नी अडली होती. बाळंतपण होत नव्हते. इडा यांनी मदत करावी, अशी विनंती त्याने केली. इडा यांना वैद्यकाचे ज्ञान नव्हते. वडिलांना घेऊन येते, असे त्या म्हणाल्या. परंतु परपुरुषाने घरातील स्त्रीला पाहावे, हे त्या तरुणाला चालणार नव्हते. तो खाली मान घालून निघून गेला. थोड्या वेळाने एक मुसलमान गृहस्थ आले. त्यांच्या पत्नीचीही तीच अवस्था होती आणि अडचणही तीच. त्यानंतर आणखी एक हिंदू गृहस्थ आले आणि तेही तसेच परतले. इडा यांना रात्रभर झोप लागली नाही. सकाळी अंत्ययात्रेच्या वाद्यांचा आवाज कानी आला. चौकशी केली तेव्हा कळले, की त्या तिन्ही स्त्रिया मरण पावल्या होत्या.

डॉक्टर गावातच होता. औषधेही होती. तरीही त्या तिघींपर्यंत इलाज पोहोचला नाही, कारण स्त्री डॉक्टर नव्हती. इडा यांनी वडिलांना सांगितले, की आता मी डॉक्टर होणार.

त्या काळी स्त्री डॉक्टर बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. आपल्या महाराष्ट्रातील आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, परंतु १८८७ मध्येच त्यांचे निधन झाले. इडा यांनी न्यूयॉर्कच्या कॉर्नेल विद्यापीठातून १८९९ साली वैद्यकीय पदवी घेतली. रुग्णालय बांधण्यासाठी तेथील एका सधन गृहस्थाने आपल्या दिवंगत पत्नीच्या स्मरणार्थ १०,००० डॉलर दिले. ती रक्कम घेऊन इडा १९०० साली वेल्लोरला आल्या. वडिलांच्या हाताखाली अनुभव घ्यावा, असा त्यांचा बेत होता. परंतु त्याच वर्षी वडील वारले.

इडा यांनी घरातच एक खाट मांडून दवाखाना सुरू केला. सुरुवातीला लोकांचा विश्वास बसेना. हळूहळू गुण येऊ लागला, तशा बायका येऊ लागल्या. दोन वर्षांत सुमारे ५,००० रुग्ण तपासले गेले. १९०२ साली स्त्रिया आणि मुले यांच्यासाठी ४० खाटांचे रुग्णालय उभे राहिले.

तरीही खेड्यातील रुग्ण शहरात येऊ शकत नव्हते. मजुरी बुडवून, आजारी माणसाला बैलगाडीत घालून इतक्या लांब कोण आणणार? म्हणून डॉ. इडा स्वतः गुडियातमच्या रस्त्याने औषधांच्या पेट्या घेऊन जाऊ लागल्या. ठरलेल्या वारी, ठरलेल्या झाडाखाली त्या थांबत. आजूबाजूच्या गावांचे लोक आधीच येऊन बसलेले असत. कोणाचे डोळे आलेले, कोणाला गळू झालेले, कोणी तापाने फणफणलेले, कोणी कुष्ठरोगी. तेथेच जखमा धुतल्या जात आणि औषध दिले जाई. पुढे मोटार आली, तेव्हा अधिक गावे जोडता आली.

परंतु एक डॉक्टर किती गावांना पुरी पडणार? याच देशातील मुली शिकल्या पाहिजेत, हे डॉ. इडा यांनी ओळखले. १९०९ साली त्यांनी परिचारिकांचे शिक्षण सुरू केले. नंतर मुलींसाठी वैद्यकीय शाळा काढायचे ठरवले. तीन मुलीसुद्धा येणार नाहीत, असे सरकारी अधिकाऱ्याला वाटत होते. १९१८ साली शाळा सुरू झाली, तेव्हा १५१ अर्ज आले! १९२२ मध्ये पहिल्या तुकडीतील १४ मुली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या.

पुढे सरकारने नियम बदलले. शाळा टिकवायची तर तिचे पदवी देणारे महाविद्यालय करणे भाग होते. त्यासाठी मोठा खर्च होता. वयाच्या सत्तरीत डॉ. इडा पुन्हा अमेरिकेत गेल्या आणि गावोगाव फिरून त्यांनी पैसा जमवला. महाविद्यालय वाचले. १९४७ पासून तेथे मुलांनाही प्रवेश मिळू लागला. १९६० साली कोडाईकनाल येथे डॉ. इडा यांचे निधन झाले. त्यांचे वय ८९ वर्षांचे होते. २००० साली भारत सरकारने वेल्लोरच्या या संस्थेवर टपाल तिकीट काढले.

विद्यार्थी मित्रांनो, आज गावोगाव दवाखाने आहेत. तरीही कोणाकडे गाडीभाडे नसते, कोणाला सोबत नसते, तर कोणी लाजेमुळे दुखणे अंगावर काढते. अशा माणसापर्यंत इलाज कसा पोहोचेल, याचा विचार डॉ. इडा यांनी जन्मभर केला. तुमच्या शेजारी असे कोणी आहे का? असेल तर त्यांना दवाखान्यापर्यंत नेण्याचे काम तुम्हीही करू शकता.