शिल्पाने घडवलेला देह

बिनबाह्यांच्या बनियनला मराठी घरांत आजही ‘सँडो’ म्हणतात. हे नाव ज्याच्यावरून पडले असे मानले जाते, तो युजीन सँडो आधुनिक शरीरसौष्ठवाचा जनक म्हणून ओळखला जातो. या बलदंड पुरुषाला व्यायामाची पहिली प्रेरणा मात्र कोणा पहिलवानाकडून नव्हे, तर दगडी पुतळ्यांकडून मिळाली.

२ एप्रिल १८६७ रोजी प्रशियातील कोनिग्सबर्ग (आताचे रशियातील कॅलिनिनग्राड) येथे त्याचा जन्म झाला. फ्रीडरिश विल्हेल्म म्युलर हे त्याचे मूळ नाव. त्यानेच सांगितलेल्या हकिकतीनुसार बालपणी तो नाजूक प्रकृतीचा होता. वडिलांसोबत इटलीला गेला असता प्राचीन वीरांचे आणि मल्लांचे पुतळे पाहून तो भारावला. अशी माणसे आता का दिसत नाहीत, हा प्रश्न त्याला पडला. सुखासीनतेमुळे माणूस दुबळा झाला, असे वडिलांनी समजावले आणि त्या मुलाने व्यायामाचा ध्यास घेतला. ही कथा त्याने प्रसिद्धीसाठी रंगवलीही असेल. परंतु पुढचे सारे आयुष्य तो त्या पुतळ्यांशी इमान राखून जगला.

सक्तीची लष्करी सेवा टाळण्यासाठी त्याने घर सोडले व सर्कशीत कसरती केल्या. ब्रुसेल्समध्ये ‘प्रोफेसर अटिला’ या नावाने प्रसिद्ध असलेल्या लुडविग डुर्लाखर यांनी त्याला शास्त्रशुद्ध तालीम दिली. १८८९ मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्याने सॅम्सन या नामांकित शक्तिवीराला हरवले आणि तो रातोरात गाजला. १८९३ मध्ये अमेरिकेत फ्लोरेन्झ झिगफेल्ड यांनी एक गोष्ट अचूक हेरली. सँडो उचलत असलेल्या वजनांपेक्षा त्याचे स्नायू पाहण्यातच प्रेक्षक रमत होते. मग सँडो पुतळ्यांसारख्या मुद्रा घेऊन उभा राहू लागला. ताकदीच्या खेळातून सौष्ठवाची कला वेगळी झाली ती येथे.

१८९७ मध्ये त्याने लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली, पुढच्या वर्षी मासिक सुरू केले. १४ सप्टेंबर १९०१ रोजी रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने भव्य शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षक म्हणून त्याच्यासोबत शिल्पकार चार्ल्स लॉज आणि लेखक आर्थर कॉनन डॉइल बसले होते. विजेत्याला बक्षीस मिळाले, तो सँडोचाच छोटा पुतळा! पुढे त्याने भारताचाही दौरा केला. दंड-बैठकांची आणि तालमींची जुनी परंपरा असलेल्या या देशात त्याचे नाव घरोघरी पोहोचले.

१४ ऑक्टोबर १९२५ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले. पत्नीच्या इच्छेमुळे त्याच्या थडग्यावर अनेक दशके नावाचा साधा दगडही नव्हता. तरी १९७७ पासून ‘मिस्टर ऑलिम्पिया’च्या विजेत्याला सँडोचा पुतळा देण्याची प्रथा पडली. पुतळे पाहून झपाटलेला तो मुलगा अखेर स्वतःच इतरांना झपाटणारा पुतळा झाला.