वाळूची मात्रा आणि जमिनीची सुट्टी : मैदानराखा टॉम मॉरिस

हरळी म्हटले की शेतकऱ्याच्या कपाळावर आठी पडते. खोल नांगरट करा, उन्हाळ्यात काशा वेचून बांधावर टाका, तणनाशक फवारा. पुढच्या पावसाळ्यात ती पुन्हा डोके वर काढते. पण याच हरळीच्या निवडक आणि संकरित जातींवर उष्ण प्रदेशांतील बहुतेक गोल्फची मैदाने उभी आहेत. तेथे ती जगवायची, रोज कापायची, रोगापासून वाचवायची आणि गालिच्यासारखी सपाट ठेवायची, हे एका माणसाचे पूर्णवेळ काम असते. त्याला गोल्फ कोर्स सुपरिंटेंडेंट म्हणतात. त्याच्याही चिंता माती, पाणी, निचरा, कीड-रोग, मजुरी आणि हवामानाच्याच असतात. फरक इतकाच, की त्याला उत्पादन काढायचे नसते. रोज तुडवले जाणारे पीक वर्षानुवर्षे जिवंत ठेवायचे असते.

या व्यवसायाचा मूळपुरुष म्हणून स्कॉटलंडच्या टॉम मॉरिसचे नाव घेतले जाते. मुलाचेही नाव टॉमच असल्याने जग त्यांना ‘ओल्ड टॉम’ म्हणून ओळखते. खेळाडू म्हणून ते प्रसिद्ध आहेतच; आपण मात्र त्यांच्याकडे माती राखणारा माणूस म्हणून पाहू.

विणकराचा मुलगा

टॉम यांचा जन्म १६ जून १८२१ रोजी सेंट अँड्र्यूज या समुद्रकाठच्या गावी झाला. वडील हातमागावर काम करणारे विणकर. गावालगत समुद्राने मागे टाकलेल्या वाळूचा पट्टा होता. अशा पट्ट्याला तिकडे लिंक्स म्हणतात. जमीन हलकी, सुपीकता कमी, वारा खारा. धान्यासाठी ती फारशी कामाची नव्हती, पण बारीक पानांची फेस्क्यू आणि बेंट ही गवते तेथे आपोआप वाढत. मेंढ्या आणि ससे चरून ती आखूड ठेवत आणि लोक त्यावर गोल्फ खेळत.

या जमिनीवरून मोठा वादही झाला होता. नगरपालिका कर्जात बुडाल्याने १७९७ मध्ये ही जमीन विकली गेली आणि नव्या मालकांनी तेथे ससेपालन सुरू केले. सशांनी बिळे पोखरून मैदानाची चाळण केली. खेळणारे आणि ससे पाळणारे यांचे भांडण कोर्टापर्यंत गेले. अखेर १८२१ मध्ये जेम्स चीप या जमीनदाराने ती जमीन विकत घेऊन खेळासाठी राखली. त्याच वर्षी टॉम जन्मले.

चिकूच्या भाऊबंदाने केलेला बदल

चौदाव्या वर्षाच्या सुमारास टॉम हे ॲलन रॉबर्टसन यांच्याकडे चेंडू बनवण्याचे काम शिकायला लागले. रॉबर्टसन हे त्या काळचे सर्वोत्तम खेळाडू आणि चेंडूंचे व्यापारी. चामड्याच्या लहान पिशवीत उकडलेली पिसे ठासून चेंडू तयार होई. कुशल कारागिराच्या हातून दिवसाला तीन-चारच चेंडू निघत. त्यामुळे ते महाग असत आणि खेळ थोड्यांपुरता राही.

१८४८ च्या सुमारास गटापर्चाचा चेंडू आला. गटापर्चा म्हणजे मलायातील एका झाडाचा वाळवलेला चीक. हे झाड आपल्या चिकू आणि मोहाच्याच कुळातील आहे. हा चीक गरम पाण्यात मऊ करून हाताने वळला की चेंडू तयार. तो स्वस्त आणि टिकाऊ होता. रॉबर्टसन यांना त्यात आपल्या धंद्याचा शेवट दिसला. टॉम यांनी तो चेंडू वापरला म्हणून दोघांत बिनसले आणि टॉम वेगळे झाले.

मैदानाच्या दृष्टीने खरा परिणाम पुढे झाला. चेंडू स्वस्त झाल्याने खेळणारे वाढले. १८५२ मध्ये सेंट अँड्र्यूजला रेल्वे आली आणि बाहेरगावचे लोकही येऊ लागले. जे गवत मेंढ्या आणि ससे सांभाळत होते, त्यावर आता शेकडो बूट पडू लागले. चराईचा भार वाढला की कुरणाचे जे होते, तेच या मैदानाचे होऊ लागले. आता राखणारा माणूस लागणार होता.

प्रेस्टविक आणि सांडलेली वाळू

१८५१ मध्ये टॉम पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे मैदानाचे राखणदार म्हणून गेले. तेथे वाळूच्या टेकड्यांमध्ये त्यांनी १२ होलचे मैदान आखले. १८६० मध्ये याच मैदानावर ओपन स्पर्धा सुरू झाली. पहिल्या वर्षी टॉम दुसरे आले. पुढे १८६१, १८६२, १८६४ आणि १८६७ अशी चार वेळा त्यांनी ती जिंकली. १८६७ मध्ये ते ४६ वर्षांचे होते. इतक्या वयात ही स्पर्धा जिंकण्याचा विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे.

प्रेस्टविकचीच एक गोष्ट या व्यवसायात पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. वाळूने भरलेली हातगाडी ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या अगदी आखूड हिरवळीवर, कलंडली. काही दिवसांनी टॉम यांच्या लक्षात आले, की वाळू पडली तेथील गवत बाकीच्यापेक्षा दाट आणि तरतरीत झाले आहे. गोष्ट तंतोतंत अशीच घडली असो वा नसो, टॉम यांनी वाळू पसरण्याची पद्धत नियमाने सुरू केली हे खरे. पुढे सेंट अँड्र्यूजला डेव्हिड हनीमन हे त्यांचे मदतनीस होते. त्यांच्यामागे आणखी वाळू टाकण्याचा टॉम यांचा धोशा सतत चाले.

वाळूने असे काय होते? सतत आखूड कापलेल्या गवताच्या बुडाशी मेलेली खोडे आणि मुळे साचून स्पंजासारखा थर तयार होतो. हा थर पाणी धरून ठेवतो, मुळांना वरच्या वर अडकवतो आणि बुरशीला आसरा देतो. वाळूचा पातळ थर त्यात मिसळला की हवा खेळते, पाणी खाली उतरते आणि कुजण्याची क्रिया सुधारते. गवताच्या सरपटणाऱ्या फांद्यांना मातीचा आधार मिळून नवी मुळे फुटतात. खोलगट जागा भरून पृष्ठभाग सपाट होतो. उसाला किंवा हळदीला भर देताना बुडाशी नवी मुळे फुटावीत हा जो हेतू असतो, तोच येथे मिलिमीटरच्या मापात साधला जातो.

एक हातगाडी, एक कुदळ, एक फावडे

१८६५ पासून टॉम पुन्हा सेंट अँड्र्यूजला मैदानाचे राखणदार झाले. पगार वर्षाला ५० पौंड आणि देखभालीच्या खर्चासाठी २० पौंड. अवजारे म्हणून एक हातगाडी, एक कुदळ आणि एक फावडे त्यांच्या हवाली केले गेले. जड कामासाठी आठवड्यातून दोन दिवस एक मजूर. १८ होलच्या मैदानासाठी एवढीच तरतूद होती.

मैदान थकलेले होते. जाणारे आणि येणारे खेळाडू एकाच चिंचोळ्या पट्ट्यातून खेळत. पूर्वी एक होल संपला की त्याच्याजवळच उभे राहून पुढचा फटका मारायची पद्धत होती, त्यामुळे सर्वांत नाजूक गवतावरच सर्वांत जास्त घाव पडत. टॉम यांनी फटका मारायच्या जागा वेगळ्या केल्या. काटेरी गॉर्सची झुडपे काढून पट्टा रुंद केला. पहिल्या आणि अठराव्या होलसाठी नवी ग्रीन तयार केली. या सगळ्या कामांमागे तुडवणीचा भार विभागण्याचा हिशेब दिसतो.

त्या काळात सेंट अँड्र्यूजचे मैदान आलटून पालटून उजव्या आणि डाव्या दिशेने खेळले जाई. दिशा बदलली की घाव पडण्याच्या जागा बदलत आणि आधीच्या जागा भरून येत. आपल्या फेरपालटाशी याचे नाते सांगायला नको.

रविवारी मैदान बंद ठेवण्याबाबत मात्र ते ठाम होते. ते धार्मिक वृत्तीचे होते, चर्चमध्ये जबाबदारीचे पद सांभाळत. पण त्यांचे कारण केवळ धर्माचे नव्हते. खेळणाऱ्याला विश्रांती नको असली तरी जमिनीला ती हवी, असे त्यांचे म्हणणे होते. सेंट अँड्र्यूजचे हे जुने मैदान मोठ्या स्पर्धांसारखे अपवाद वगळता आजही रविवारी खेळासाठी बंद असते.

घरातील पानगळ

टॉम आणि त्यांची पत्नी ॲग्नेस यांचा पहिला मुलगा १८५० मध्ये चार वर्षांचा असताना गेला. पुढच्या वर्षी झालेल्या मुलालाही त्यांनी टॉम हेच नाव दिले. हा ‘यंग टॉम’ वडिलांपेक्षा सरस खेळाडू निघाला. १८६८, १८६९, १८७० आणि १८७२ अशी सलग चार वेळा त्याने ओपन जिंकली. १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही.

सप्टेंबर १८७५ मध्ये बाप-लेक नॉर्थ बेरिक येथे सामना खेळत असताना तार आली. यंग टॉमची पत्नी बाळंतपणात अत्यवस्थ होती. ते नावेने खाडी ओलांडून घरी पोहोचले तोवर आई आणि बाळ दोघेही गेले होते. त्यानंतर मुलगा सावरला नाही. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी, वयाच्या २४ व्या वर्षी, तो मरण पावला. १८७६ मध्ये ॲग्नेसही गेल्या. पुढे टॉम यांना बाकीच्या तिन्ही मुलांचे मृत्यूही पाहावे लागले.

एवढे होऊनही ते कामावर राहिले. मैदानाला कुणाच्या घरात काय झाले याच्याशी देणेघेणे नसते. गवत वाढते, पाऊस पडतो, सशांची बिळे पुन्हा उकरली जातात. ज्याच्या घरी दुःख झाल्यावर चौथ्या दिवशी जनावरांना पाणी दाखवायला उठावे लागले आहे, त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९०३ पर्यंत, वयाच्या ८२ व्या वर्षापर्यंत, त्यांनी ही जबाबदारी सांभाळली. निवृत्तीनंतरही क्लबने त्यांचा पगार चालू ठेवला. मे १९०८ मध्ये गावातील एका क्लबच्या जिन्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. सेंट अँड्र्यूजच्या अठराव्या होलला आज त्यांचे नाव आहे.

त्यांच्यानंतरचा व्यवसाय

मैदाने आखण्यासाठी टॉम यांना दूरदूरून बोलावणी येत. म्युअरफील्ड, डॉर्नॉक, आयर्लंडमधील लाहिंच अशा अनेक मैदानांवर त्यांचा हात फिरला. १९२६ मध्ये अमेरिकेत मैदानराख्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि हळूहळू हे काम कृषिशास्त्राच्या पदवीधरांचे झाले. आज ग्रीनवरील गवत साधारण ३ मिलिमीटर उंचीवर कापले जाते. इतके आखूड कापल्यावर पानांचे क्षेत्र घटते, मुळे उथळ होतात आणि एखाद्या दिवसाचे पाणी चुकले तरी गवत करपते. पाण्याची टंचाई, बुरशीनाशकांवरील निर्बंध आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारी यांच्यामध्ये आजचा सुपरिंटेंडेंट उभा असतो. वाळूचा पातळ थर मात्र अजूनही त्याच्या वेळापत्रकात असतोच.

लॉन व रोपवाटिका करणाऱ्यांनी काय घ्यावे

• वाळू देण्यापूर्वी बुडाशी साचलेला मेलेल्या गवताचा थर खरवडून काढावा आणि काट्याने छिद्रे पाडावीत. हरळीच्या लॉनला वाळू जोमदार वाढीच्या काळातच द्यावी, थंडीत वाढ थांबलेली असताना नाही.

• एका वेळी २ मिलिमीटरपेक्षा जाड थर नको. एका गुंठ्याला २ मिलिमीटर म्हणजे सुमारे ७ घनफूट वाळू लागते. पसरल्यावर झाडूने गवतात मुरवावी. पानांची टोके वर दिसलीच पाहिजेत.

• वाळू धुतलेली असावी. काचेच्या ग्लासात पाण्याबरोबर हलवून पाहावी. पाणी बराच वेळ गढूळ राहिले तर त्यात गाळ जास्त आहे असे समजावे. समुद्राची वाळू क्षारांमुळे थेट वापरू नये.

• दर वेळी शक्यतो एकाच प्रतीची वाळू वापरावी. जाड आणि बारीक वाळूचे वेगवेगळे थर बसले तर पाणी त्यांच्या सांध्यावर अडते.

• भारी काळ्या जमिनीत थोडी वाळू मिसळून निचरा सुधारत नाही, उलट माती घट्ट होऊ शकते. टॉम यांची जमीन मुळातच वाळूची होती, हे विसरू नये. भारी जमिनीत चर, गादीवाफे आणि सेंद्रिय खत हाच मार्ग आहे.

• ये-जा, गुरांची चराई किंवा ट्रॅक्टरची चाके एकाच पट्ट्यावरून सतत जात असतील तर वाट बदलावी. वाफसा नसताना जमिनीवर वजन आणू नये.

टॉम यांच्याजवळ माती परीक्षण नव्हते, खतांची शिफारस नव्हती, यंत्रेही फारशी नव्हती. एक जागा बाकीच्यापेक्षा बरी का दिसते, हे थांबून पाहण्याची सवय होती. आपल्या शिवारातही पिकाचा एखादा चौक इतरांपेक्षा हिरवा दिसतो. पुढच्या फेरीत तेथे थांबावे, चार बोटे माती उकरून पाहावी आणि त्या जागी मागच्या हंगामात काय पडले होते ते आठवावे.