पंडिता रमाबाई

धर्म स्वीकारण्याचा विधी एका दिवसात उरकतो. त्या धर्माप्रमाणे जगण्यासाठी मात्र सारे आयुष्य द्यावे लागते. पंडिता रमाबाईंचे चरित्र याची साक्ष देते.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले होते. तीच विद्या रमाबाईंना मिळाली. १८७४ च्या सुमारास दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून दगावले. भाऊ श्रीनिवास यांच्यासह पायी देश पालथा घालत त्या १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या देऊन गौरवले. १८८० मध्ये त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. परंतु दोन वर्षांतच त्यांना वैधव्य आले. तेव्हा कन्या मनोरमा अवघी काही महिन्यांची होती.

१८८३ मध्ये रमाबाई शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज येथे त्यांनी मनोरमेसह ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तरीही त्यांनी आपली विवेकबुद्धी कोणाच्या हवाली केली नाही. त्या शाकाहारीच राहिल्या. क्रुसावरील अक्षरे लॅटिनऐवजी संस्कृतमध्ये का नसावीत, असा प्रश्न त्यांनी उपस्थित केला. धर्मगुरूंचा शब्द त्यांनी पारखून घेतल्याशिवाय मानला नाही. दीक्षेनंतर काही वर्षांनी त्यांना जाणवले, की आपण धर्म स्वीकारला. पण ख्रिस्ताची खरी ओळख अजून व्हायची आहे. ती ओळख त्यांनी सेवेतून करून घेतली.

११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत विधवांसाठी शारदासदन सुरू केले. पुढच्याच वर्षी ते पुण्यास हलवले. तेथे धर्मशिक्षणाची सक्ती नव्हती. परंतु रमाबाई स्वतः प्रार्थना करीत, तेव्हा मुलींना त्या दूर ठेवीत नसत. त्यावरून पुण्यात वादळ उठले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि १८९३ मध्ये अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या. मायेने सांभाळलेल्या मुली डोळ्यांदेखत निघून गेल्या. रमाबाईंनी ना प्रार्थना सोडली, ना सदन बंद केले.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. भूक काय असते, हे रमाबाईंना कोणी सांगावे लागले नाही. त्या स्वतः तेथे गेल्या आणि शेकडो अनाथ स्त्रिया व मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगाव येथे ‘मुक्ती सदन’ उभे राहिले. शेती, विणकाम, छपाई अशी कामे शिकून तेथील स्त्रिया स्वतःच्या पायांवर उभ्या राहू लागल्या. अंध मुलींनाही तेथे वाचायला शिकवले जाई.

संस्थेचा एवढा व्याप सांभाळतानाच रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास केला. शेतात राबणाऱ्या बाईलाही समजेल अशा सोप्या मराठीत बायबलचे भाषांतर करावे, हा त्यांचा ध्यास होता. सदनातील स्त्रियाच छापखान्यात खिळे जुळवीत. जुलै १९२१ मध्ये मनोरमा वारली. एकुलत्या एका लेकीचे दुःख उराशी धरून रमाबाईंनी काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांचे निधन झाले. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

रमाबाईंच्या मतांशी अनेकांचे मतभेद होते; आजही असू शकतात. परंतु जे मानले, ते त्या रोज आचरणात आणीत राहिल्या. केडगावचे मुक्ती सदन आजही निराधारांना आश्रय देत आहे.