आयझेनहॉवर यांचे हृदय: पथ्य पाळूनही कोलेस्टेरॉल का वाढले?

लिपिड प्रोफाइलचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी तुम्हाला गोळी लिहून दिली आहे आणि तेल-तूप कमी केल्यावर गोळी कशाला, असे तुम्हाला वाटते आहे का? मग अमेरिकेचे माजी अध्यक्ष ड्वाइट आयझेनहॉवर यांच्या आजारपणाची ही माहिती जरूर वाचा.

आयझेनहॉवर यांचा जन्म १८९० चा. दुसऱ्या महायुद्धात युरोपातील दोस्त सैन्याचे ते सरसेनापती होते. त्या काळात ते दिवसाला तीन-चार पाकिटे सिगारेट ओढत. १९४९ मध्ये त्यांनी सिगारेट एकदम सोडली. १९५३ मध्ये ते अध्यक्ष झाले.

सप्टेंबर १९५५ मध्ये ते सुट्टीसाठी डेन्व्हरला होते. २३ तारखेला गोल्फ खेळताना पोटात अस्वस्थ वाटू लागले, तेव्हा त्यांनी जेवणातल्या कच्च्या कांद्याला दोष दिला. मध्यरात्रीनंतर छातीत दुखू लागले. डॉक्टर घरी आले, पण सकाळी बाहेर बातमी दिली गेली ती अपचनाची. ईसीजी निघाला तो दुपारी. त्यात हार्ट अटॅक स्पष्ट दिसला आणि मगच त्यांना लष्करी रुग्णालयात हलवले. तेव्हा त्यांचे वय ६४ होते. सुमारे सात आठवडे ते रुग्णालयात राहिले. बोस्टनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल डडली व्हाइट यांनी त्यांना तपासले आणि जनतेला आजार सोप्या भाषेत समजावून सांगितला.

त्यानंतर आयझेनहॉवर यांनी पथ्य मनापासून पाळले. चरबीचे पदार्थ कमी केले, वजन आटोक्यात ठेवले. तरीही कोलेस्टेरॉल वाढतच गेले. याचे कारण समजून घ्या. रक्तातले बरेचसे कोलेस्टेरॉल आपले यकृतच तयार करते. आहार सुधारल्याने एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, काही प्रमाणात उतरते, पण प्रत्येकात ते पुरेसे उतरेलच असे नाही. यकृतातली ही निर्मिती कमी करणारे पहिले स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झाले. आयझेनहॉवर यांना ते मिळणे शक्यच नव्हते. १९५७ मध्ये त्यांना पक्षाघाताचा सौम्य झटका आला, पुढे आणखी हार्ट अटॅक आले आणि २८ मार्च १९६९ रोजी, वयाच्या ७८ व्या वर्षी, हृदय निकामी होऊन त्यांचे निधन झाले.

तुम्ही यातून काय घ्याल?

• छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल तर ॲसिडिटी समजून सोडा-इनो घेत बसू नका. १०८ ला फोन करा, लगेच ईसीजी काढा.

• तूप, लोणी, वनस्पती तूप, तळलेले पदार्थ कमी करा. डाळी, पालेभाज्या, ओट्स, मूठभर शेंगदाणे किंवा बदाम घ्या. तंबाखू आणि मिश्री पूर्ण बंद करा.

• लसणाच्या किंवा फिश ऑइलच्या कॅप्सूल स्टॅटिनची जागा घेऊ शकत नाहीत. रेड यीस्ट राइसमध्ये लोव्हास्टॅटिनसारखाच घटक असतो, पण त्याचे प्रमाण खात्रीचे नसते. स्टॅटिनसोबत ते घेऊ नका.

• हार्ट अटॅक येऊन गेला असेल तर एलडीएल ७० च्या खाली, बऱ्याच जणांत ५५ च्याही खाली ठेवावे लागते. रिपोर्ट नॉर्मल आला तो गोळीमुळे. ती स्वतःहून बंद करू नका. स्नायू दुखत असतील तर डॉक्टरांना सांगा, मात्रा किंवा औषध बदलता येते.