कॉम्प्युटरला माणसाची भाषा शिकवायला निघालेल्या हॉपरबाई

वेबसाइट बनवणारा कुठलाही डेव्हलपर घ्या. दिवसभरात तो स्वतः जेवढा कोड लिहितो, त्याच्या कितीतरी पट दुसऱ्याने लिहिलेला वापरतो. तारखा दाखवायला एक लायब्ररी, फॉर्म तपासायला दुसरी. एनपीएमवर एक ओळ टाइप केली की पॅकेज हजर. पुढे हा कोड मशीनला कळेल अशा रूपात आणायचं कामही टूल्सच करतात.

ही सोय इतकी अंगवळणी पडलीये, की एके काळी ती अशक्य मानली जायची हे खरं वाटत नाही. तेव्हा ती शक्य आहे म्हणून हट्ट धरणाऱ्यांमध्ये अमेरिकन नौदलातल्या एक गणिताच्या प्राध्यापिका होत्या. नाव ग्रेस हॉपर.

जन्म ९ डिसेंबर १९०६, न्यूयॉर्क. सात वर्षांच्या असताना गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी ते उघडलं. परत जोडता येईना म्हणून दुसरं उघडलं. आईच्या लक्षात येईपर्यंत घरातली सात घड्याळं सुटी झाली होती. पुढे १९३४ मध्ये येल विद्यापीठातून गणितात पीएचडी आणि व्हॅसर कॉलेजात प्राध्यापकी.

दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि बाईंनी नौदलात जायचं ठरवलं. वय जास्त, वजन नियमापेक्षा १५ पौंडांनी कमी. तरी खास परवानगी मिळवून १९४३ च्या डिसेंबरमध्ये त्या भरती झाल्याच. पोस्टिंग मिळालं हार्वर्डला, मार्क वन नावाच्या ५१ फूट लांब कॉम्प्युटरवर. सेकंदाला तीन बेरजा करणारं हे धूड कागदी पट्टीला पाडलेल्या भोकांवर चालायचं. म्हणजे प्रोग्रॅम लिहिणं म्हणजे भोकं पाडणं. याच मशीनचं ५६१ पानी मॅन्युअल हॉपरबाईंनी तयार केलं.

बग हा शब्द त्यांनीच आणला, अशी पोस्ट तुम्ही नक्की पाहिली असेल. ते खरं नाही. १९४७ मध्ये मार्क टूच्या रिलेत एक पतंग अडकून मेला, तो टीमने नोंदवहीत चिकटवून ठेवला, आणि हॉपरबाईंनी तो किस्सा आयुष्यभर रंगवून सांगितला. इंजिनिअर लोक मशीनमधल्या बिघाडाला बग त्याआधी कित्येक दशकं म्हणत होते.

त्यांचं खरं काम यानंतरचं. १९४९ मध्ये त्या फिलाडेल्फियातल्या एका कंपनीत गेल्या. तिथे युनिव्हॅक कॉम्प्युटर तयार होत होता. प्रोग्रॅमर मंडळींकडे तेव्हा वह्या असायच्या. वर्गमूळ काढायचं असेल, त्रिकोणमितीचं गणित असेल, तर आधी कुणीतरी लिहून तपासलेला तुकडा एकमेकांच्या वहीतून उतरवून घ्यायचा. उतरवताना चुका व्हायच्या. शिवाय तुकडा प्रोग्रॅममध्ये जिथे बसवायचा, त्याप्रमाणे त्यातले सगळे पत्ते हाताने बेरीज करून बदलावे लागायचे. तिथे आणखी चुका.

हॉपरबाईंचा विचार सरळ होता. उतरवणं आणि बेरीज करणं ही कामं माणसाला नीट जमत नाहीत आणि मशीनला उत्तम जमतात, मग ती मशीनलाच द्या. त्यांनी सगळे तुकडे टेपवर साठवले आणि प्रत्येकाला एक नंबर दिला. प्रोग्रॅमरने फक्त नंबर सांगायचे, कॉम्प्युटर तुकडे शोधून, जोडून प्रोग्रॅम तयार करणार. हा ए-झिरो कंपायलर, १९५२ चा. आजच्या भाषेत तो कंपायलरपेक्षा लिंकरच्या जवळचा होता. तुकडे साठवायची कल्पना इंग्लंडमध्ये केंब्रिजलाही तेव्हा राबवली जात होती. पण प्रोग्रॅमच प्रोग्रॅम तयार करेल हे बाईंच्या आसपास कुणाला पटेना. कॉम्प्युटर गणितं करतो, प्रोग्रॅम लिहीत नाही, असं लोक त्यांनाच समजावत.

ए-टू ही सुधारलेली आवृत्ती १९५३ च्या अखेरीस ग्राहकांना मिळाली ती सोर्स कोडसकट, आणि सुधारणा केल्यात तर आम्हालाही पाठवा अशा विनंतीसह. ओपन सोर्स हा शब्द यायला अजून चाळीसेक वर्षं होती.

मग बाईंनी त्याहून मोठा घाट घातला. हिशेब ठेवणाऱ्या, पगारपत्रक करणाऱ्या माणसाने गणिताची चिन्हं का शिकावीत? त्याला साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्रॅम लिहिता आला पाहिजे. मॅनेजमेंटकडून पैसे मिळवायला त्यांनी इंग्रजी शब्दांचा एक छोटा प्रोग्रॅम चालवून दाखवला. तेवढ्यावर न थांबता तोच प्रोग्रॅम फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवला. कॉम्प्युटरच्या लेखी सगळे शब्द म्हणजे नुसत्या खुणाच, हे त्यांना दाखवायचं होतं.

झालं उलटंच. पेनसिल्व्हेनियात बनलेल्या अमेरिकन कॉम्प्युटरला फ्रेंच-जर्मन कसं येईल, म्हणून साहेब लोक बिथरले. फक्त इंग्रजीच ठेवू, असं वचन देत त्यांची समजूत काढण्यात बाईंचे कित्येक महिने गेले.

त्या प्रात्यक्षिकातला मुद्दा आजही लागू आहे. जावास्क्रिप्टमधलं इफ, एल्स, रिटर्न इंग्रजीत आहे ते मशीनची गरज म्हणून नाही. त्या जागी जर, नाहीतर, परत असं लिहिलं असतं तरी मशीनला फरक पडला नसता. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला पहिल्या वर्षी कोडिंगची जी धास्ती वाटते, तिच्यात या इंग्रजीचाही वाटा असतो.

त्या इंग्रजी प्रोग्रॅमिंगमधून फ्लो-मॅटिक भाषा तयार झाली. तिचा मोठा ठसा १९५९ मध्ये आकाराला येऊ लागलेल्या कोबोलवर पडला. कोबोल समितीने बनवली, हॉपर सल्लागार होत्या. डिसेंबर १९६० मध्ये तोच कोबोल प्रोग्रॅम दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवण्यात आला. आज एकच वेबसाइट कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडावी म्हणून जी धडपड चालते, तिची ही फार जुनी आवृत्ती.

१९६६ मध्ये नौदलाने त्यांना निवृत्त केलं. पुढच्याच वर्षी कोबोलचा गोंधळ निस्तरायला सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. ते सहा महिने लांबत लांबत १९८६ पर्यंत गेले. रिअर अ‍ॅडमिरल होऊन निवृत्त झाल्या तेव्हा वय होतं ७९.

भाषणांत त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीच्या तारा वाटायच्या. एका नॅनोसेकंदात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर कापते, हे दाखवायला. सर्व्हर अमेरिकेत असला की वेबसाइट मुंबईत उशिरा का उघडते, याचं निम्मं उत्तर त्या तारेत आहे.

१ जानेवारी १९९२ ला त्या गेल्या. कोबोल मात्र राहिली. जुन्या प्रोग्रॅममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवलेले असायचे, त्यामुळे २००० साल जवळ येताच जगभर धावपळ उडाली आणि ते दुरुस्त करण्याच्या कामाने भारतीय आयटी कंपन्यांना मोठा धंदा मिळाला. एप्रिल २०२० मध्ये, कोरोनाने नोकऱ्या गेलेल्यांचे अर्ज न्यू जर्सीच्या जुन्या सरकारी सिस्टिमला झेपेनात, तेव्हा तिथल्या गव्हर्नरनी पत्रकार परिषदेत कोबोल येणाऱ्या स्वयंसेवकांना मदतीचं आवाहन केलं होतं.