अर्धवट राहिलेल्या प्रयोगाची गोष्ट

आठचं लेक्चर, उठायला उशीर, नाश्त्याला टांग. बारा वाजेपर्यंत पोटात कावळे ओरडायला लागतात, तरी तुम्ही चक्कर येऊन पडत नाही. रात्री जेवलात ती साखर रक्तातून केव्हाच वापरली गेली. मग मेंदू चालतोय कशावर? हे ज्याच्यामुळे कळलं, त्या क्लोद बर्नारला खरं तर नाटककार व्हायचं होतं.

जन्म १८१३ चा, फ्रान्समधला. घरचे द्राक्षमळेवाले. ल्यों शहरात औषधाच्या दुकानात उमेदवारी करता करता पठ्ठ्याने एक विनोदी नाटुकलं लिहिलं. मग एक ऐतिहासिक नाटक बगलेत मारून गडी थेट पॅरिसला. तिथल्या नामवंत समीक्षकाने सल्ला दिला, आधी पोटापाण्यासाठी वैद्यकी शीक. त्याने ऐकलं. १८४३ मध्ये डॉक्टर झाला आणि पुढच्याच वर्षी प्राध्यापकीच्या परीक्षेत नापास! दवाखाना त्याने कधी थाटलाच नाही. रमला तो प्रयोगशाळेत.

तेव्हा समज असा होता, की साखर फक्त वनस्पती बनवतात आणि प्राणी ती नुसती खर्च करतात. बर्नारने कुत्र्यांना निव्वळ मांस खायला घातलं, तरी यकृतातून बाहेर पडणाऱ्या रक्तात साखर होतीच. ती येते कुठून? तो एकाच यकृताची चाचणी दोनदा करायचा. एकदा वेळ मिळाला नाही म्हणून दुसरी चाचणी दुसऱ्या दिवसावर गेली, आणि साखर कितीतरी जास्त निघाली. तुम्ही-आम्ही रीडिंग चुकलं म्हणून खोडून टाकलं असतं. (जर्नल आठवा.) त्याने काय केलं, तर काढलेल्या यकृतातून चाळीस मिनिटं पाणी सोडलं, साखरेचा मागमूस राहू दिला नाही, आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा साखर! म्हणजे यकृतात ती वेगळ्या रूपात साठवलेली होती. १८५७ मध्ये त्याने तो साठा वेगळा काढला. तेच ग्लायकोजेन.

यातून त्याला मोठी गोष्ट उमगली. आपल्या पेशी बाहेरच्या हवेत राहत नाहीत, त्या रक्तात आणि शरीरातल्या द्रवात राहतात. हे आतलं हवामान स्थिर असतं म्हणून बाहेर ऊन असो की थंडी, आपण बिनधास्त फिरतो.

ही स्थिरता राखली कशी जाते, ते पुढच्यांनी शोधलं. जेवणानंतर साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं आणि यकृत साखर साठवायला लागतं. साखर उतरली की इन्सुलिन कमी होतं, ग्लुकागॉन वाढतं आणि कोठार उघडतं. साखर पुरेशी झाली की तीच साखर हा पुरवठा थांबवते. गीझर पाणी तापल्यावर आपोआप बंद होतो, तसंच. हाच फीडबॅक. त्याच्या जोरावर उपाशीपोटी दर १०० मिलिलिटर रक्तात साधारण ७० ते १०० मिलिग्रॅम साखर टिकते. डायबिटीसमध्ये हीच देवाणघेवाण बिघडते. इन्सुलिन हाती लागलं ते १९२१ मध्ये, आणि या सगळ्या समतोलाला होमिओस्टॅसिस हे नाव वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात दिलं.

पण या शोधांची किंमत मोजली ती मुक्या जनावरांनी. बर्नार जिवंत कुत्र्या-सशांवर शस्त्रक्रिया करायचा. बायकोच्या हुंड्यातून संशोधनाचा खर्च भागला, आणि तिलाच ते बघवेना. अखेर दोघं वेगळे झाले, मुलीही आईच्या बाजूने प्राण्यांवरच्या प्रयोगांविरुद्ध उभ्या राहिल्या. मला त्या तिघींची बाजू पटते. आणि घरात कुणी रोज इन्सुलिन टोचून घेत असेल, तर बर्नारलाही सरसकट दोष देववत नाही.

१८७८ मध्ये तो गेला, तेव्हा फ्रान्सने त्याला सरकारी इतमामात निरोप दिला. शास्त्रज्ञाला हा मान तिथे पहिल्यांदाच मिळत होता. बगलेत मारून आणलेलं ते नाटक मात्र छापून आलं त्याच्या मृत्यूनंतर.