लक्ष्मणराव किर्लोस्कर: पहिला लोखंडी नांगर विकायला दोन वर्षं का लागली?

नवीन ॲप आवडलं नाही तर आपण दोन मिनिटांत अनइन्स्टॉल करतो. पण एखादी वस्तू फसली तर ग्राहकाचं अख्खं वर्ष वाया जाणार असेल, तर? लक्ष्मणराव किर्लोस्करांचा ग्राहक असाच होता.

चित्रकलेकडून यंत्रांकडे

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकला शिकायला ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, पण रंगांधळेपणामुळे ती वाट सोडावी लागली. मग ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हीजेटीआयमध्ये ते शिकवूही लागले.

त्याच काळात बेळगावात सायकलचं दुकान सुरू झालं. सायकल तेव्हा नवलाची वस्तू, चालवता येणारे मोजकेच. म्हणून त्यांचे भाऊ रामूअण्णा लोकांना सायकल चालवायलाही शिकवायचे. आजच्या भाषेत हे 'ऑनबोर्डिंग'च.

नांगर आणि भीती

पुढे भावांनी कडबाकुट्टी बनवली आणि मग लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर खोल जातो, माती उलटी करतो आणि हराळी-कुंद्याच्या मुळ्या वर आणतो. म्हणजे फीचर्स जबरदस्त, पण घ्यायला कुणी तयार नाही! लोखंडाने जमीन विषारी होते, अशी तेव्हा समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली.

या भीतीला नुसतं अडाणीपण म्हणून चालणार नाही. जमीन बिघडली तर घर कसं चालणार, हा प्रश्न शेतकऱ्यापुढे होता. रिफंड मिळाला तरी गेलेला हंगाम परत येत नाही. लक्ष्मणरावांनी ना नांगर सोडला, ना हा ग्राहक. पुढे याच नांगराने त्यांचं नाव घरोघरी पोचवलं.

माळरानावरचा कारखाना

बेळगाव नगरपालिकेने जागा खाली करायला लावली, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ 32 एकर माळरान दिलं. 1910 मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. 1920 मध्ये तिथूनच शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याच्या मालाची माहिती ग्राहकापर्यंत त्याच्याच भाषेत न्यायची, ही त्यामागची कल्पना. पुढे त्याचंच 'किर्लोस्कर' मासिक झालं. लक्ष्मणराव 1956 मध्ये गेले.

आपल्यासाठी काय?

आज छत्रपती संभाजीनगरात बसून कुणी कापूस किंवा मोसंबीच्या शेतकऱ्यासाठी ॲप बनवत असेल, तर डाउनलोडचा आकडा नंतर बघावा. आपला सल्ला चुकला तर या माणसाचं काय जाईल, हे आधी त्याच्या बांधावर जाऊन विचारावं. तो लगेच हो म्हणत नसेल, तर त्यामागे बहुतेक वेळा कारण असतं.